मी, तांडेल क्लबच्या गोलची जाळी

मी एक जुनी जाळी आहे. मित्रांनो, मुरुडच्या किनाऱ्याला लागून सुरूच्या झाडांमागे एक मैदान आहे. त्या मैदानावरच्या गोलला मी अकरा वर्षं बांधलेली होते. आता मी एका परसात आहे. वालाच्या वेलांना कोंबड्या लागू नयेत म्हणून मला काठ्यांवर पसरून टाकलं आहे.

मला नीराबाईंनी विणलं. त्या कोळीवाड्यात राहतात आणि सुकी मासळी विकतात. त्यांच्या नवऱ्याची होडी विकली गेली, तेव्हा होडीवरचं जाळं घरात पडून राहिलं. त्याच वर्षी तांडेल फुटबॉल क्लब जिल्ह्याच्या पहिल्या गटात चढला. पहिल्या गटात गोलला जाळी लागते, आणि क्लबकडे तर चेंडूही दोनच होते.

"इकत कशाला आणता? माझ्याकडं हाय की," नीराबाई म्हणाल्या.

आठ दिवस उंबऱ्यात बसून त्यांनी जुनं जाळं उसवलं, दोरा दुहेरी केला आणि मोठमोठ्या भोकांची जाळी विणली, ती मी. पहिल्या सामन्यात चेंडू माझ्यात शिरला तेव्हा त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. गोल आपल्यावर झालाय, हे शेजारणीनं सांगितल्यावर त्या खाली बसल्या.

माझ्या मागे, बांबूच्या आडव्या दांडीला टेकून क्लबची माणसं उभी राहायची. त्यांत रावजीकाका पहिले. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गोडेतेलाचा रिकामा डबा गळ्यात अडकवून ते दोन काठ्यांनी तो बडवायचे. अकरा वर्षांत त्यांचा एकच सामना चुकला, तो मुलगी रचनाच्या लग्नाच्या दिवशी. तेव्हाही अक्षता पडल्या पडल्या त्यांनी फोन करून गोल किती झाले ते विचारलं होतं.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग ते मोठं वादळ आलं. क्लबचा खर्च देवव्रतभाऊ करत होते. त्यांच्या सुपारीच्या बागेत एकही झाड उभं राहिलं नाही. "माझंच घर चालेना, क्लब कसा चालवू?" असं ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बरे खेळाडू दुसऱ्या संघांकडे गेले. राहिले ते हरू लागले. माझ्यात इतके चेंडू शिरत, की गाठी सुटायच्या. दर सोमवारी नीराबाई येऊन त्या पुन्हा बांधायच्या.

पण दांडीमागची माणसं हलली नाहीत. त्यांनीच मैदानातले खड्डे बुजवले. नीराबाईंनी बाजाराच्या दिवशी क्लबच्या नावानं वेगळी टोपली विकायला सुरुवात केली. रावजीकाकांची निम्मी पेन्शन कुठे जाते, हे घरच्यांनी विचारणं सोडून दिलं. माणगावला, म्हसळ्याला सामना असला की ही माणसं जेवणाचे डबे बांधून एसटीनं जायची आणि हरून परत यायची. स्टँडवरचे लोक हसायचे.

"काका, रोज हरायला कशाला जाता? टीव्हीवर चांगले संघ बघा की."

"त्यातला एक तरी मला वळखतो काय?" रावजीकाका म्हणायचे.

आमचा गोलकीपर गणराज. म्हसळ्याकडच्या भातशेतीच्या गावातला मुलगा, एका गोदामात रोजंदारीवर होता. संघ टिकून होता तो त्याच्या हातांवर. तो पाण्याची बाटली आणि टॉवेल माझ्यावर अडकवायचा, म्हणून मला तो जास्त जवळचा. एकदा सामन्यात त्याची दोन बोटं मोडली. क्लबकडे उपचाराला काही नव्हतं. रावजीकाका त्याला अलिबागच्या दवाखान्यात घेऊन गेले, तीन दिवस खाटेशेजारी बसले आणि चमच्यानं पेज भरवली. बोटं जुळली. गणराजचं रोजंदारीचं काम मात्र तेवढ्यात गेलं.

त्या हंगामाचा शेवटचा सामना एका कंपनीच्या संघाशी होता. बरोबरी झाली तरी आम्ही पहिल्या गटात राहणार होतो. कंपनीच्या संघाला मात्र पहिला नंबर हवा होता, त्यासाठी त्यांना जिंकणं भाग होतं. आणि आम्ही खाली घसरलो असतो तर क्लबला नव्यानं पैसे द्यायला कुणी तयार होणार नव्हतं.

आदल्या दिवशी सराव संपला. सगळे गेले, गणराज एकटा बुटांच्या नाड्या सोडत बसला होता. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"लग्न झालंय ना तुझं?" त्यानं विचारलं.

"झालंय."

"कंपनीत जागा आहे. कायमची. सोमवारी येऊन सही करायची."

"आणि?"

"एक सोड. एकच."

माणूस गेल्यावर गणराज बराच वेळ माझा दोरा बोटांत धरून बसला होता. तो नाही म्हणेल, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं. सामना संपायला चार मिनिटं उरली, तरी एकही गोल झाला नव्हता. गणराजनं तोवर असे चेंडू अडवले होते, की दांडीमागची माणसं रडायच्या बेतात आली होती. रावजीकाकांचा डबा थांबतच नव्हता. मग उजवीकडून एक चेंडू उंच आला. जोर नव्हता त्यात. आमचा बचावपटू ओंकार अगदी गणराजच्या अंगावर धावत येत ओरडला, "सोड, मी घेतो!" गणराजनं चेंडू छातीशी धरला. दांडीमागच्यांना त्याची पाठ दिसत होती. मी मात्र खांबाच्या बाजूनंही बांधलेली होते, आणि मला त्याचे हात दिसले. ते हात त्यानं उघडले. चेंडू त्याच्या पायांमधून घरंगळत आला आणि माझ्या तळाशी थांबला.

सगळे धावले. "काय झालं रे? धरला होतास ना?"

गणराजनं आजूबाजूला पाहिलं. मग त्याची नजर दांडीमागे गेली.

"ओंकारची हाक ऐकू आली नाही," तो म्हणाला. "डबा कानाशी वाजत होता. आम्ही दोघं एकमेकांत अडकलो."

"हाक मी दिली होती," ओंकार म्हणाला, आणि ते खरंच होतं.

कुणीतरी मागून बोललं, "कितींदा सांगितलं म्हाताऱ्याला, गोलमागं डबा बडवू नको म्हणून!" मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. वर्षानुवर्षं काकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली माणसं होती ती. रावजीकाकांनी गळ्यातला डबा काढला आणि जमिनीवर ठेवला.

"डब्यानं कधी गोल व्हतो?" नीराबाई एकट्या भांडत होत्या. "अकरा वर्सं वाजतोय, आजच कानात गेला व्हय?"

"गप ऱ्हा नीरा," रावजीकाका म्हणाले. "माझ्यामुळंच झालं."

आम्ही दुसऱ्या गटात गेलो. रावजीकाका एकेका खेळाडूच्या घरी जाऊन माफी मागून आले. देवव्रतभाऊंच्या ओळखीचा एक माणूस क्लबला पैसे देणार होता, तो फिरकला नाही. वर्गणी काढून क्लब कसाबसा उभा राहिला, आणि त्या वर्गणीतही सगळ्यात मोठा वाटा काकांचाच होता. ते अजून प्रत्येक सामन्याला जातात, पण दांडीपाशी नाही. लांब, सुरूच्या झाडाखाली तोंड मिटून उभे राहतात. आपला आवाज पोचला तर पुन्हा काही बिघडेल, अशी त्यांना भीती वाटते. त्याच पावसाळ्यात माझा दोरा कुजला, तेव्हा क्लबनं नवी जाळी आणली आणि काका मला घरी घेऊन आले. हे परस त्यांचंच.

गेल्या संक्रांतीला गणराज इथे आला. अंगावर कंपनीचा गणवेश, हातात पेढ्यांचा पुडा. मुलगा झाला होता त्याला. काका वालाला पाणी घालत होते. त्यांनी कळशी खाली ठेवली आणि त्या पोराचे दोन्ही हात धरले. तेच हात.

"पोरा, तुझं नाव खराब केलं मी," ते म्हणाले. "लोक तुलाच बोलले असतील. मनात ठेवू नकोस."

गणराजनं मान खाली घातली. आता सांगेल, असं मला वाटलं. इथे ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

"जाऊ द्या काका," तो म्हणाला. "होतं असं कधीकधी."

मग त्यानं पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि निघून गेला. काका किती समाधानानं घरात गेले! "माफ केलं बघ त्यानं," असं ते आतल्या माणसांना सांगत होते.

मित्रांनो, माझी राहिलेली वर्षं या वालावर निघून जातील, त्याचं मला काही वाटत नाही. आपला संघ हरला की तुम्हालाही राग येईल, आणि हात दाखवायला जवळचंच माणूस सापडेल. तेव्हा जरा थांबा. आणि खरं काय झालं ते तुमच्यापैकी कुणी पाहिलं असेल, तर त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगा. मी पाहिलं होतं. पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.