नाव घेऊ नये

उद्या आमच्या घरी माणूस जाळायचा आहे. खरा नव्हे, पळसाच्या पानांचा. पानिपताला गेलेला नवरा बारा वर्षं परतला नाही, की भटजी पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि बाईचं कुंकू पुसतात. आमची बारा वर्षं भरली. दीर संपतभावजी पळस आणायला स्वतः कात्रजला गेले. एवढी धावपळ भावाला शोधायला केली असती तर!

म्हणून आज मी आमच्या खंड्या कुत्र्याला घेतलं आणि वेताळ टेकडीची वाट धरली. सासूबाईंना सांगितलं, वेताळाला तेल घालून येते. त्या म्हणाल्या, "जाऊन ये, तुळजा. उद्यापासून तुला कुठं जायचंय?" गोड बोललं की आमच्या घरात पाप लागतं.

खंड्या म्हातारा झालाय. चार पावलं चढतो नि बसतो. "अरे मेल्या, ऊठ की," म्हटलं की आधी जांभई देतो, मग उठतो.

वर पोचलो तेव्हा सूर्य बावधनाच्या डोंगरांवर टेकला होता. नदीपलीकडं पुण्यातल्या चुली पेटल्या होत्या. मी बोरं वेचली, अर्धी भाकरी खंड्याला घातली. त्यानं आपली अर्धी गिळली आणि माझ्या अर्धीत तोंड घातलं. मला हसूच फुटलं. केवढ्या मोठ्यानं हसले मी! तोंडावर मावळतीचं ऊन, जिभेवर आंबट बोर, मांडीवर कुत्र्याचं डोकं. कुणी काही मागत नव्हतं. देवा, एवढंच राहू दे, उद्या उजाडूच नको, असं वाटलं.

पण सुख आमच्या अंगी लागत नाही. गेल्या महिन्यात आमच्या पेठेतला अल्लाबक्ष नालबंद उत्तरेतून आला. मला एकटीला गाठून म्हणाला, "वहिनी, ते जिवंत आहेत. कुरुक्षेत्राकडं शेती करतात. बायको आहे, पोरं आहेत. म्हणाले, घरी सांग, मी मेलो." बिचारा खाली मान घालून बोलत होता.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगावं तर मी टाकलेली, न सांगावं तर रांडाव. इकडं आड, तिकडं विहीर. टाकलेली म्हणून पेठेनं हसण्यापेक्षा जळू दे मेल्याला, म्हटलं.

आणि नुसती पानंच का जळावीत? बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आईनं बजावलं होतं. उखाण्यात घेतलं तेवढंच, एरवी कधी ओठांवर आणलं नाही. शेजारच्या आनंदीबाईंच्या मुलाचं नाव तेच, म्हणून त्याला मी अजून 'तो उंच पोरगा' म्हणते. आज ते नाव डोंगरावरून ओरडायचं, घशाला कोरड पडेपर्यंत, म्हणूनच वर आले होते. वेताळाचं तेल हा बहाणा.

उभी राहिले. पदर सावरला. तोंड उघडलं. पहिलं अक्षरही बाहेर येईना. पुन्हा जोर केला, तर ठसका लागला.

"घे की गं, सटवे!" मी स्वतःवरच ओरडले. शिवी आपल्यालाच आहे असं समजून खंड्या शेपूट घालून मागं सरला.

मग मात्र मी धाय मोकलून रडले. तिकडं ते दुसरीच्या हातची भाकरी खातात, आणि इकडं मी त्यांचं आयुष्य जपत बसलेय! काय म्हणावं या जिभेला? जिला नाव घ्यायची छाती नाही, ती उद्या त्यांना जळताना काय बघणार?

घरी आलो तेव्हा अंधार पडला होता. अंगणात दिव्याच्या उजेडात संपतभावजी पळसाचा भारा सोडत होते. सासूबाई शेजारी बसून पानं निवडत होत्या.

"त्या पानांच्या पत्रावळ्या लावा, भावजी," मी म्हटलं. "आमचे हे सुखात आहेत."