वरचा सूर

रेकॉर्डिस्टने एकेक करत सगळी वाद्यं बंद केली. ड्रम गेले, गिटार गेली, मागचा कोरस गेला, आणि नुसता गळा उरला.

"थांब," गायिका म्हणाली. "हे कोण गातंय?"

"काय मॅडम, माझी फिरकी घेताय? तुम्हीच की."

तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले आणि ती ओळ पुन्हा लावायला सांगितली. नऊ वर्षांपूर्वी याच गाण्याने तिला घराघरात पोचवलं होतं. ध्रुवपदाच्या शेवटी एक सूर सरळ वर चढायचा आणि तिथेच तरंगत राहायचा. लोक तिला ओळखत ते त्या सुरावरून. नव्या अल्बमची गाणी तिने स्वतः लिहिली होती, चालीही तिच्याच होत्या. कंपनीच्या आग्रहाखातर हे एक जुनं गाणं शेवटी घ्यायचं होतं, संथ लयीत. त्यासाठीच आज जुनं रेकॉर्डिंग उघडलं होतं.

ओळीचा अर्धा भाग तिचा होता. मग, चढण्याआधी, जीभ टाळूवरून सुटावी तसा एक बारीक आवाज आला आणि त्यामागून तो सूर. गाण्याआधी अशी जीभ वाजवायची खोड जगात एकाच माणसाला होती. त्या माणसाशेजारच्या अंथरुणात झोपून ती लहानाची मोठी झाली होती.

ती खुर्चीत बसली. रेकॉर्डिस्टने पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने नुसती हातात धरली.

नऊ वर्षांपूर्वी, रेकॉर्डिंगच्या दिवशी, तिने तो सूर घसा बसेपर्यंत पुन्हा पुन्हा गाऊन पाहिला होता. शेवटी संगीतकार म्हणाले होते, "लागला एकदाचा. घरी जा, झोप." कोणता प्रयत्न लागला, हे तिने विचारलंच नव्हतं. पुढे कार्यक्रमात त्या जागी माइक लोकांसमोर धरायची युक्तीही त्यांचीच. आता ते हयात नव्हते. जाब विचारायचा तरी कुणाला?

तिने धाकट्या बहिणीला फोन केला. "शाळा सुटली की इकडे ये."

धाकटी एका शाळेत संगीत शिकवायची. पूर्वी ती ताईच्या कोरसमध्ये गायची, नोकरी लागल्यावर तिने ते सोडलं होतं. दुपार कलता कलता ती खांद्याला पर्स लावून धापा टाकत आली. ताईने हेडफोन तिच्या कानांवर चढवले.

ओळ संपली. धाकटीने हेडफोन काढले आणि चुरगळलेली ओढणी ती उगीचच नीट करत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यांदा रेडिओवर लागलं तेव्हाच कळलं. सरांनी सहज म्हणून गाऊन घेतलं होतं माझ्याकडून. ते वापरतील असं वाटलं नव्हतं गं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रेडिओसमोर बसून रडत होतीस, ताई. आनंदाने. तेव्हा काय बोलणार होते?"

"आणि नंतर? इतकी वर्षं?"

"नंतर उशीर झाला."

गायिका उठली. काचेपलीकडच्या खोलीचं दार उघडून ती म्हणाली, "आत चल. या वेळी तूच गा. तुझ्या नावाने जाईल."

"नको ना ताई."

"चल म्हणते ना."

धाकटी माइकसमोर उभी राहिली. जीभ वाजली. सूर वर निघाला आणि मध्येच फाटला. तिने खाकरून पुन्हा सुरुवात केली. या वेळी तर नुसती हवाच बाहेर आली. काचेअलीकडे गायिकेने तोंडावर हात ठेवला.

"वर्गात पोरांवर ओरडून ओरडून गेला तो," धाकटी माइकमध्येच म्हणाली. ती हसत होती, पण डोळे भरून आले होते. "डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही. घरी कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच."

मग रेकॉर्डिस्ट हळूच म्हणाला, "मॅडम, जुनाच सूर कापून इथे चिकटवतो. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"नको. पट्टी खाली घे."

त्याने घेतली.

"आणखी."

"मॅडम, अजून खाली गेलो तर हे गाणं ओळखू येणार नाही. कंपनी माझ्या डोक्यावर बसेल."

"माझं नाव सांग."

ती आत जाऊन बहिणीच्या शेजारी उभी राहिली.

"पहिली ओळ मी घेते, दुसरीला तू ये," ती म्हणाली. "वर जायचंच नाही. तुला झेपेल तिथेच राहा."

लाल दिवा लागला. गायिकेने डोळे मिटले आणि छातीतून, अगदी खालून, सुरुवात केली. आवाज जाडसर होता, थोडा खरखरीत. चढणाऱ्या जागी ती चढली नाही. शब्द तिथेच टेकवून तिने नुसता श्वास सोडला. तिच्या तोंडून असा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. नव्या गाण्यांतही नाही.

पहिली ओळ संपली. रेकॉर्डिस्टने मान उचलून काचेतून पाहिलं.

धाकटी आपली ओळ सुरू करायची विसरली होती. ती तोंड उघडं टाकून ताईकडे बघत राहिली होती. गायिकेने डोळे उघडले नाहीत. तिने चाचपडत बहिणीचा हात शोधला आणि दुसरी ओळही स्वतःच घेतली.