बाबांच्या वाटणीचे गडी

बाबांनी बोलण्याचा सराव सोडला, त्याच आठवड्यात लेकीच्या ऑफिसात सगळे तिच्यावर खूश होते. सॉफ्टवेअरच्या ज्या चाचण्या चहा पिऊन, केस विंचरून झाले तरी संपायचं नाव घेत नसत, त्या आता चहा कपात ओतेपर्यंत उरकत होत्या. त्यात जादू वगैरे काही नव्हती. घरातल्या मोठ्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला आठ कोअर होते, म्हणजे एका वेळी राबणारे आठ गडी. आधी ती त्यातल्या दोघांनाच चाचण्यांवर लावायची. काम अंगावर आलं तसे तिने आठही जुंपले. साहेब डोक्यावर बसला की कोण इकडेतिकडे बघतं?

तो कॉम्प्युटर बाबांच्या खोलीत होता. ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि तिथूनच त्याला कामं सांगायची. बाबांचा सरावही त्याच कॉम्प्युटरवर चाले. पक्षाघातानंतर उजवा हात बराचसा ताळ्यावर आला होता, जीभ मात्र हट्टाला पेटलेली. उभा जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेलेला हा माणूस. एका हाकेत मैदानाच्या पलीकडची पोरं ताठ करायचा, तो आता 'पाणी' म्हणायला घाम गाळत होता. उपचार करणाऱ्या बाईंनी एक प्रोग्रॅम दिला होता. माईकसमोर शब्द म्हणायचा, की ऐकू आला तसा तो पडद्यावर उमटायचा. हळूहळू 'पाणी', 'खिडकी' असे शब्द नीट उमटायला लागले होते. आता खंड पडू देऊ नका, हे सुटलं तर पुन्हा हाती लागणं कठीण, असं बाईंनी बजावून ठेवलं होतं.

आणि नेमका आताच बाबा माईकला हात लावेनात. लेकीने आधी गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, मग रागावली, मग रुसून बसली. बाबा ढिम्म. शेवटी ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली आणि कारण कळल्याशिवाय उठणार नाही म्हणाली.

बाबांनी टेबलाखालच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "त्याला," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द यायला बराच वेळ गेला. "त्रास होतो."

खुणा आणि तुटके शब्द जुळवत तिला हळूहळू उलगडा झाला. हल्ली बाबा बोलायला बसले, की कॉम्प्युटरचा पंखा घोंघावायला लागायचा. पूर्वी असं होत नसे. पडद्यावर शब्द अर्धाच यायचा, कधी नुसती टिंबं. बाबांनी आपल्या परीने त्याचा अर्थ लावला होता. आपलं बोलणं आता इतकं बिघडलंय, की ते समजून घेताना बिचारं यंत्र धापा टाकतं. जन्मभर कुणाला आपला भार होऊ न देणाऱ्या माणसाने यंत्राचीही दया केली होती.

तिने वेळा ताडून पाहिल्या. नाश्ता झाला की बाबा सरावाला बसत आणि नेमक्या तेव्हाच ती चाचण्या सुरू करत होती. आठही गडी तिच्या कामावर, मग माईकमधला आवाज ऐकायला मोकळं कोण उरणार? बाबांच्या तोंडचा शब्द तिनेच पळवला होता.

तिने हे सगळं सांगितलं, तर बाबांनी हात झटकला. समजूत काढू नकोस, एवढाच त्याचा अर्थ.

मग तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि चाचण्या पुन्हा सुरू केल्या. पंखा घोंघावला. ती माईकपुढे सरसावली आणि म्हणाली, "पाणी." पडद्यावर 'पा'. ती मोठ्याने म्हणाली, तर टिंबं. 'खिडकी'ची नुसती 'की' आली. लहानपणी वर्गात फार बडबड करते म्हणून जिच्या तक्रारी थेट बाबांच्या कानावर यायच्या, तीच पोर आज दोन शब्दांत गारद झाली होती. ती घसा खाकरून चौथ्यांदा 'पाणी' म्हणायला लागली, तशी बाबांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. दुखण्यानंतर पहिल्यांदाच.

"नापास," ते म्हणाले.

तिला हसूही आलं आणि रडूही. डोळे पुसत तिने चाचण्या थांबवल्या आणि बाबांना सांगितलं, की किती गडी कामाला लावायचे याला मर्यादा घालता येते. मी किती घेऊ, ते तुम्हीच ठरवा.

"तुला सहा," बाबा म्हणाले. "मला दोन... पुरे."

घरातली प्रत्येक वाटणी अशीच व्हायची. ती लहान असताना थंडीत दोघांत एक पांघरूण असलं, तर सकाळी ते सगळं तिच्याच अंगावर सापडायचं. ती "बरं" म्हणाली आणि आकडा टाकला चार. साहेबांना काय सांगायचं ते नंतर बघता येईल. चाचण्या सुरू झाल्या. पंखा जरासा कुजबुजला, तेवढंच.

बाबांनी चष्मा सावरत लॅपटॉपमध्ये डोकावून तो आकडा वाचला. माईक अजून चालूच होता.

"लबाड," बाबा म्हणाले.

आणि समोरच्या पडद्यावर तो शब्द पुरा उमटला. एकही टिंब नव्हतं.