पुसल्याशिवाय घातलेलं तेल

मी बोलतोय, स्केटबोर्डच्या चाकातलं बेअरिंग. 'बिच्चारं' म्हणायला आला असाल तर आल्या पावली परत जा. माझा स्वभाव वाईट आहे आणि तो माणसांनीच केलाय.

नवा होतो तेव्हा माझ्या पोटातल्या पोलादी गोळ्या बोटाच्या एका धक्क्यावर कितीतरी वेळ फिरत राहायच्या. चार चाकांत दोन-दोन असे आम्ही आठ भाऊ. मालकीण एका शिंप्याची मुलगी. उतारावरून ती सुसाट सुटली की लोक तिला शाबासकी द्यायचे. आत घासून मरत होतो आम्ही, आमचं नाव काढेल तर शपथ! बाई डबक्यातून न्यायची, वाळूतून न्यायची आणि घरी आली की बोर्ड ओलाच दाराआड उभा करायची. फळीवरचं चित्र मात्र रोज पुसायची. मी गंजलो, कुरकुरायला लागलो. चांगलं झालं, म्हटलं, भोगा आता.

तिचा बाप माझ्याहून कडू. स्केटबोर्डच्या संघात निवड झाली की पोर बाहेरगावी राहायला जाणार, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण हात सोन्याचा. रोज सकाळी शिलाई मशीन उघडायचा, ब्रशनं धागे-धूळ काढायचा, फडक्यानं पुसायचा आणि मगच तेलाचा थेंब सोडायचा. मशीन न पुसता तेल घातलं म्हणून त्यानं एकदा एका कारागिराला दुकानातून हाकललं होतं. पोर तेव्हा तिथंच बसून शर्टांना काजं करत होती.

निवडीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, चाकं जड झालीत. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही, बघता का?"

तो 'बघतो' म्हणाला. सात भावांना त्यानं नीट काढलं, सुईच्या टोकानं त्यांची झाकणं उचलली, पेट्रोलमध्ये बुडवून खळखळून धुतलं, कोरडं केलं, तेल दिलं. मग मला हातात घेतलं. कानाशी नेऊन फिरवलं. आतली वाळू त्याला स्पष्ट ऐकू आली. पोरीच्या बोर्डाकडे एकदा बघितलं मेल्यानं. मग झाकण न उघडताच फटीतून वरून तेल सोडलं आणि मला चाकात ठोकून बसवलं. तेल लागलं की मी थोडा वेळ गप्प बसतो, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी निवडीच्या वेळी उतारावर वाळू-तेलाचा लगदा झाला आणि मी अडकलो. पोर तोंडावर आपटली. हनुवटी फुटली, निवड गेली. बापानं तिला हाताला धरून घरी आणलं, औषध लावलं, 'होतं असं' म्हणाला. खोटारडा!

तिनं मात्र चाक काढलं. सुईनं माझं झाकण उचललं. आत काळा चिखल, त्यावर ताजं तेल. ती मला घेऊन मशीनपाशी गेली.

"तुम्ही न पुसता तेल कधी घालता, बाबा?"

तो टाके घालत राहिला. सुईखाली कापड संपलं तरी पाय थांबले नाहीत.

ती आता मावशीकडे राहते. जाताना मला मशीनच्या फळीवर ठेवून गेली. रोज सकाळी तो मशीन पुसतो, मग मलाही पुसतो, फिरवून बघतो. मी फिरत नाही. फिरणारही नाही. अरे, फेक मला एकदाचा! पण तो पुन्हा फडकं हातात घेतो.