अडीच पट्ट्यांचा झगा

मित्रांनो, मी एक जुना लाल झगा आहे. पण माझी कीव करू नका. मला कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागली आहे आणि तिने सावकाश का होईना, मला पुरते संपवावे, एवढीच माझी इच्छा आहे.

लंडनमधल्या एका शिंप्याच्या दुकानात माझा जन्म झाला. मऊ लोकरीचे लालभडक कापड आणि त्यावर पांढऱ्या फरचे पट्टे. हे पट्टे नुसत्या शोभेचे नसतात. उमरावांच्या सभागृहात ते माणसाची पायरी सांगतात. सर्वांत खालचा उमराव म्हणजे बॅरन, त्याला दोन पट्टे. त्याच्या एक पायरी वर व्हायकाउंट, त्याला अडीच. हो, अडीच! चांगली शिकलीसवरलेली माणसे त्या अर्ध्या पट्ट्यासाठी जीव टाकतात. माझ्या अंगावर तो अर्धा पट्टा आहे आणि त्यानेच एका घराची माती केली.

माझे मालक सर ऑब्री पेन्डरेल. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचे ते बरीच वर्षे सभापती होते. सभापती खुर्चीवरून उतरला की त्याला व्हायकाउंट करून उमरावांत धाडायचे, ही तिथली जुनी रीत. मेख पुढेच आहे. ही पदवी वंशाची. बाप गेला की त्याच क्षणी थोरला मुलगा उमराव होतो, आणि उमरावाला लोकांच्या सभागृहात बसता येत नाही. नको म्हणायचीही तेव्हा सोय नव्हती.

मालकांचा एकुलता एक मुलगा क्रिस्पिन त्याच लोकांच्या सभागृहात निवडून आला होता. मासेमारीवर जगणाऱ्या एका बंदराने त्याला निवडले होते. तिथला लाटा अडवणारा बांध फुटला होता, होड्या माणसांसकट बुडत होत्या. नवा बांध बांधून घेईन, असा शब्द त्याने त्या लोकांना दिला होता.

शिंपी मला मालकांच्या अंगावर टाचण्यांनी बेतत होता, तेव्हा क्रिस्पिन तरातरा खोलीत आला.

“बाबा, आता हयातीपुरती पदवीसुद्धा मिळते. तुमच्याबरोबर येईल, तुमच्याबरोबर जाईल. तीच घ्या ना!”

“ती बॅरनची. दोन पट्ट्यांची.” मालकांची नजर आरशावरून हलली नाही. “माझ्याआधीचे सगळे व्हायकाउंट झाले. मी एक पायरी खाली उतरलो, तर माझ्या मागून येणाऱ्यांना तिथेच बसवतील. मला त्या खुर्चीचा मान राखायचाय.”

“खुर्चीचा मान! सभापती झालात तेव्हा दोघांनी दंडाला धरून ओढत नेलं होतं तुम्हाला. नको नको म्हणायची रीतच आहे ना आपल्यात? मग आता एकदा खरंखुरं नको म्हणा!”

“ती एक रीत, ही एक रीत.”

“आणि तुमच्यामागे माझं काय?”

“माझ्यामागे तू लॉर्ड पेन्डरेल! लोकांची पोरं तरसतात यासाठी, आणि ह्याचं तोंड बघा.”

मालकीणबाई, लेडी हिल्डा, दारातच उभ्या होत्या. “अर्ध्या पट्ट्यासाठी पोराच्या गळ्याला नख लावतोयस, ऑब्री,” त्या म्हणाल्या.

क्रिस्पिन हसला. फार वाईट हसला. “असू दे, आई. बाबांना उदंड आयुष्य मिळावं म्हणून मी आता देव पाण्यात घालून बसतो. असा बापवेडा मुलगा अख्ख्या लंडनात सापडायचा नाही!”

शिंप्याने खाली मान घालून टाचणी जरा जोरातच खुपसली. मालक कळवळले. मला बरे वाटले.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. मला घालून मालक उमरावांच्या सभागृहात गेले, गुडघे टेकले, तीन वेळा टोपी उंचावली. म्हातारे उमराव बाकांवरून गुरगुरल्यासारखे वाहवा म्हणाले. त्यानंतर वर्षातून एखादा मिरवायचा दिवस आणि एरवी मालकांच्या निजायच्या खोलीतले कपाट आणि डांबरगोळ्या.

त्या कपाटातून मी सगळे ऐकत असे. क्रिस्पिन सारखा येऊ लागला. गळपट्टा गुंडाळला का, जिना जपून उतरा, डॉक्टर काय म्हणाले? पोरगा निवळला, असे मालकांना वाटले. मग एकदा क्लबातल्या एका मित्राने सर्वांदेखत टोमणा मारला, “ऑब्री, निदान तो बांध होईपर्यंत तरी टिक रे बाबा!” त्या दिवसापासून मालक मुलाकडे संशयाने पाहू लागले.

बांधाचा विषय सभागृहात येणार होता, त्याच सुमारास मालकांची छाती कफाने भरली आणि त्यांनी अंथरूण धरले. क्रिस्पिन उशाशी बसून सूप भरवत होता.

“तू कोणासाठी येतोस रे?” मालकांनी विचारले. “माझ्यासाठी, की बांधासाठी?”

“सूप गार होतंय, बाबा.”

“उत्तर दे.”

“तुम्ही हयातीपुरती पदवी घेतली असती, तर सांगता आलं असतं,” क्रिस्पिन म्हणाला. “आता माझं मलाच कळत नाही.”

“मग चालता हो. परत या खोलीत पाऊल टाकू नकोस.”

तो तरीही रोज आला. खोलीचे दार बंद असे, म्हणून जिन्यावर बसून राही. मालक तसेच गेले. डॉक्टर दार उघडून बाहेर आले आणि अदबीने म्हणाले, “फार वाईट झालं, लॉर्ड पेन्डरेल.”

ते नाव ऐकले मात्र, क्रिस्पिन हंबरडा फोडून रडला. लेडी हिल्डा जवळ गेल्या. त्याच्या खांद्यावर ठेवायला उचललेला हात त्यांनी मागे घेतला. मुलगा बापासाठी रडतो आहे की बांधासाठी, हे जन्म देणाऱ्या आईलासुद्धा ओळखता येईना.

बांधाच्या चर्चेच्या दिवशी लोकांच्या सभागृहाच्या दारावरच्या माणसाने त्याला आत सोडले नाही; तो आता उमराव होता. बंदराच्या बाजूने कोणी बोललेच नाही. नवा बांध व्हायचा राहिला तो राहिलाच.

क्रिस्पिनने मला एकदाही अंगाला लावले नाही. पुढे एकदा लेडी हिल्डांनी नव्या डांबरगोळ्या आणल्या, तेव्हा त्याने त्यांचा हात धरला. “राहू दे, आई. खाऊ दे कसरीला तो झगा.”

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे इतर सगळे तुम्हाला सांगतील. मी नाही सांगणार. घरात कोणी मोठा मान घ्यायला निघाले, तर तो उद्या कोणाच्या अंगावर पडणार आहे, एवढे आधी विचारा. आणि मला जपू नका. माझ्यापायी एका मुलाला बापासाठी धड रडतासुद्धा आले नाही.