वैष्णवीच्या बापाचा रकाना

वैष्णवीच्या जन्मदाखल्यावर बापाच्या रकान्यात माझ्या दिराचं नाव आहे, हे ती पाच महिन्यांची झाल्यावर मला कळलं. दाखला सहदेव भाऊजींनीच मेहकरहून आणला होता. वाटेत झेरॉक्सच्या दुकानात त्याला लॅमिनेशनही करून घेतलं होतं.

"आई, हे काय?" मी सासूबाईंना विचारलं.

त्या शेंगा फोडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "नर्सबाईनं बापाचं आधार मांगतलं. निवृत्तीचं कुठून आनू? सहदेव गाडी घिऊन आलता, त्याचं खिशात होतं."

"यांना जाऊन सोळा महिने झाले होते, ते सांगायचं ना."

"आन मंग? लोकायनं बोटावर महिने मोजले असते. तुहीच इज्जत झाकली मी."

महिने मोजायची सवय मलाही आहे. जानेफळला अकरावी-बारावीला मी जीवशास्त्र शिकवते. माझ्या नवऱ्याची, निवृत्तींची, केमोथेरपी सुरू होण्याआधी, मार्चमध्ये, त्यांनी आणि मी अकोल्याच्या एका केंद्रात दोन भ्रूण गोठवून ठेवले होते. आपल्या माघारी ते वापरायला संमती आहे, असं त्यांनी लिहून दिलं होतं. सही थरथरलेली आहे, पण वाचता येते. सप्टेंबरमध्ये ते गेले. पुढच्या एप्रिलमध्ये एक भ्रूण माझ्या गर्भाशयात ठेवला आणि जानेवारीत वैष्णवी झाली. दुसरा तगला नाही. म्हणजे निवृत्तींचं जे काही उरलं होतं, ते पाळण्यात होतं. त्यावर त्यांचं नाव असावं, एवढंच मला हवं होतं.

भाऊजी सदतीस वर्षांचे आहेत. शेती करणाऱ्याला कुणी मुलगी देत नाही; परत गेलेल्या स्थळांचा विषय घरात आता निघत नाही. दुपारी शेतातून आले की हातपाय धुऊन ते पाळण्याशी यायचे. "आना इकडं आपली ढमी," म्हणायचे.

दाखला दुरुस्त करायचा म्हटल्यावर ते एवढंच बोलले, "कधी जायचं ते सांगा. गाडी काढतो."

रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर अर्जुनराव नावाचे लिपिक होते. त्यांनी तारखा दोनदा पाहिल्या.

"म्याडम, मानूस गेल्यावर सोळा महिन्यांनी पोरगी? आमच्या कम्प्युटरले बी पटनार नाई."

मी कागद पुढे ठेवले. केंद्राचा अहवाल, भ्रूण गोठवल्याची तारीख, निवृत्तींची संमती, मृत्यूचा दाखला. ते घेऊन अर्जुनराव आत डॉक्टरांकडे गेले. बऱ्याच वेळानं परत आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

"होते दुरुस्ती. पन ज्याचं नाव लागलं, त्यानं लिहून द्या लागीन."

मजकूर त्यांनीच लिहिला आणि वाचून दाखवला. "सदर मुलीचा मी पिता नाही. माझे नाव चुकीने नोंदविले गेले. बरोबर?"

वैष्णवी भाऊजींच्या उजव्या खांद्यावर झोपली होती.

"हाव," ते म्हणाले. तिला डाव्या खांद्यावर घेतलं आणि सही केली.

"आता जुना दाखला जमा करा." अर्जुनरावांनी तो उलटसुलट केला. "याले लॅमिनेशन काऊन केलं बे? शिक्का बी बसत नाई यावर."

भाऊजींनी विचारलं, "साहेब, रजिस्टरातलं नाव खोडता का?"

"खोडत नाई. बाजूले दुरुस्ती लिहितो."

"मंग माह्यं नाव राहीन तिथं?"

"राहीन. पन ते कोनी वाचत नाई."

त्यांनी मान हलवली.

नवीन दाखल्यावर निवृत्तींचं पूर्ण नाव होतं. मी ते तीनदा वाचलं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे त्या वेळी मी पाहिलं नाही, हे मला नंतर आठवलं.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारातच होत्या. मी गाडीतून उतरले आणि भाऊजींनी वैष्णवीला माझ्यापुढे धरलं.

"घ्या वहिनी," ते म्हणाले, "तुमची पोरगी."

तिनं त्यांच्या शर्टाची कॉलर मुठीत धरून ठेवली होती. एकेक बोट सोडवायला मला वेळ लागला.