तिसरी हाक

"हलू नको रं, कोळसा डोळ्यात जाईल," म्हणत इलाहीभाईंनी आकारामच्या कपाळावर काळं बोट ओढलं. "खाणीतला मुकादम तू, आन् तुला काळं करायला मला एवढी मेहनत! धूळ न धुता तसाच यायचास की."

मांडवामागच्या कनातीत पोत्याचे कपडे घालून बसलेले पाताळनगरीचे गुलाम फिदीफिदी हसले. त्यात एक भाजीवाला होता, एक कॉम्प्युटर क्लासचा सर होता, आणि बाकीचे, लग्न ठरेपर्यंत मंडळात असतात तसले होते. आकाराम हसला नाही. एरवी इलाहीभाईंच्या विनोदाला सगळ्यांत आधी त्याचंच हसू ठरलेलं.

इलाहीभाई ड्रेपरीवाले. गणपतीत शहरातल्या निम्म्या मंडळांचे राजे, राक्षस आणि मावळे त्यांच्या पत्र्याच्या पेट्यांतून बाहेर पडायचे आणि विसर्जनानंतर घड्या होऊन पेटीत परत जायचे. माणूस तोंडाचा फटकळ, पण हात मऊ. आकारामच्या मनगटांना चंदेरी रंग दिलेला काथ्याचा दोर बेडी म्हणून आवळताना ते रोज विचारायचे, "टोचतंय का?" टोचायचंच. आकाराम "न्हाय" म्हणायचा, आणि भाई तरीही दोराखाली कापडाची चिंधी सारायचे.

आजही सारली.

"उमर कसा हाय?" आकारामनं विचारलं. विचारायला नको वाटायचं, आणि न विचारणं त्याहून वाईट दिसलं असतं.

"पायात रॉड घातलाय. डॉक्टर म्हणतोय, चालंल. मी म्हटलं, ट्रॅक्टर चालवंल का? तर म्हणतोय, आधी चालू दे." भाईंनी गाठ मारली. "त्याची आई दवाखान्यात बसून दिवसभर त्या जोत्याला शिव्या घालतीया. मी न्हाय घालत. मी रातच्याला घालतो. एक हाक मारायची ती मारली न्हाय गड्यानं, आन् माझ्या पोराचा पाय गेला. वर इथं बघावं तर रोज कानावर त्याचाच आवाज! मी अध्यक्षास्नी म्हटलं, आवाज तेवढा बदला. तर म्हणत्यात, आता रेकॉर्डिंग झालंय, इलाहीभाई, गणपती बसल्यावर काय बदलायचं?"

आकारामनं मान खाली घातली. भाईंना वाटलं, पोराच्या आठवणीनं घातली. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. खांदा काळा होता म्हणून मग हात पोत्याला पुसला.

सजीव देखाव्यात नट बोलत नाही. संवाद आधीच स्टुडिओत भरून घेतात. माणसानं स्टेजवर नुसते ओठ हलवायचे आणि हातवारे करायचे. त्यामुळे आवाज एकाचा आणि रुबाब दुसऱ्याचा, अशी वाटणी करता येते. यंदाचा देखावा होता 'पाताळनगरीचा उठाव'. जमिनीच्या सात थरांखाली वज्रदंत नावाचा राजा. त्याची माणसं जन्मभर तेजमणी खणतात, पण उजेड सगळा राजाच्या महालात जातो. श्वास मोठा घेतला तरी शिक्षा. मग भैरंग नावाचा खाणकामगार तीन हाका देतो आणि तिसऱ्या हाकेला सगळ्या कुदळी उठतात. वज्रदंत झाला होता पृथ्वीराज. तो एका पतसंस्थेत शिपाई होता. दिवसभर ज्याला त्याला पाणी नेऊन द्यायचा, आणि संध्याकाळी त्याच्या सिंहासनावर बसण्यात जे सुख दिसायचं ते खोटं नव्हतं. भैरंगाला मात्र धिप्पाड माणूस हवा होता. धिप्पाड म्हणजे आकाराम. पण आकारामचा आवाज पातळ; स्टुडिओवाल्यानं एक वाक्य ऐकलं आणि चहा मागवला.

तेव्हा आकारामनंच जोतीरामचं नाव सुचवलं होतं. मलकापूर रोडला ज्या दगडाच्या खाणीवर आकाराम मुकादम होता, तिथं सुरुंगाआधी हाक द्यायचं काम जोतीरामचं. त्याची हाक खाणीच्या तळातून निघून वरच्या रस्त्यावरच्या म्हशी थांबवायची. देखाव्यात तीन हाका आल्या त्याही त्याच्याचमुळे. लिहिणाऱ्या पोरानं खाणीवर येऊन ऐकलं आणि तसंच उचललं.

खाणीवर पहिल्या हाकेला हत्यार खाली टाकायचं. दुसरीला चालू लागायचं. तिसरीला, जो कोणी मागे राहिला असेल त्यानं जीव घेऊन पळायचं. तिसरी झाली की मुकादम लाल निशाण खाली करतो, आणि दूर खडकाआड बसलेला सुरुंगवाला, ज्याला निशाणाशिवाय काही दिसत नाही, बटण दाबतो. सगळा कारभार असा एकमेकांच्या भरवशावर.

रंगीत तालमीचा तो दिवस. आकाराम वरच्या टेकाडावर निशाण धरून उभा होता. खिशातला फोन वाजून वाजून थांबला होता, पुन्हा वाजत होता. शेवटी त्यानं उचलला. पलीकडून भाई ओरडत होते, "कुठं मेलास? सगळी थांबल्यात. आज उशीर केलास तर बेड्याबिड्या काय बांधणार न्हाय मी, सांगून ठेवतो!" आकाराम "निघालोच" म्हणाला. खाली जोतीरामची पहिली हाक झाली. दुसरी झाली. माणसं बाहेर आलेली दिसत होती. आकारामनं डोळ्यांनी अंदाज घेतला, सगळे आले असा हिशेब मांडला, आणि निशाण खाली केलं.

उमर ट्रॅक्टर बाजूला घ्यायला परत आत गेला होता. अजून एक हाक शिल्लक आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मालक विजयसिंहदादांनी दोघांना समोर उभं केलं. जोतीराम म्हणाला, "मी हाक द्यायच्या आत बार झाला, साहेब."

दादांनी आकारामकडं बघितलं. "मुकादम?"

आकाराम खोटं बोलणारा माणूस नव्हता. हीच तर पंचाईत होती. खोटं बोलायची सवय असती तर एखादं ढोबळ खोटं बोलून मोकळा झाला असता आणि पकडलाही गेला असता. तो म्हणाला, "तिसरी हाक ऐकू आली न्हाय, साहेब."

अक्षर न अक्षर खरं. तिसरी हाक आलीच नव्हती, तर ऐकू कुठून येणार? हे वाक्य त्यानं नंतर कितीदा तरी तपासून पाहिलं होतं. कुठंही खोट सापडत नव्हती, आणि तरी ते घशाखाली उतरत नव्हतं.

जोतीराम त्याच्याकडं बघत राहिला. भांडला असता तर बरं झालं असतं. "व्हय," एवढंच म्हणाला, "ऐकू आली नसंल." हाक चुकली असं धरून दादांनी त्याला कामावरून काढलं, निशाण आधी का पडलं हे विचारलंच नाही, आणि तो डबा घेऊन निघून गेला. दादा म्हणाले, उमरच्या दवाखान्याचं मी बघतो. इलाहीभाईंच्या घरात तेव्हापासून दादा देवमाणूस झाले होते.

आज आरतीला तेच दादा आले होते. मंडळानं पहिल्या रांगेत मखमली खुर्ची टाकली होती, गळ्यात हार घातला होता, आणि आता ते पायावर पाय टाकून पाताळनगरी बघत होते.

पडदा सरकला. लाल-निळे दिवे फिरले. थर्माकोलच्या गुहेत गुलाम खणू लागले. पृथ्वीराजनं सिंहासनावरून हुकूम सोडला, "श्वास मोजून घ्या!" आणि गर्दीत कुणीतरी ओरडलं, "पृथ्या, आधी साहेबांचा चहा आण!" गर्दी हसली. मग आकाराम पुढं आला. स्पीकरमधून जोतीरामचा आवाज फुटला.

"आमच्या घामाचा उजेड तुझ्या महालात जळतो, वज्रदंता!"

छातीला थडथड बसावी असा आवाज. आकारामनं ओठ हलवले. इतके दिवस हलवत आला होता, आणि रोज त्याला वाटायचं की आपल्या तोंडात कुणीतरी दुसरा माणूस कोंबलाय आणि तो आत गुदमरतोय. गर्दीवर नजर फिरवायची असं दिग्दर्शकानं सांगितलेलं. त्यानं फिरवली. उसाच्या रसाच्या गाड्याजवळ, चरकाच्या चाकाला टेकून, जोतीराम उभा होता. हातात प्लास्टिकची पिशवी. तो स्टेजकडं बघतच नव्हता. मान वाकडी करून स्पीकरकडं कान दिला होता, परगावी गेलेल्या घरच्या माणसाचा फोन ऐकावा तसा.

"उठा रंऽऽ!" पहिली हाक. गुलामांनी टोपल्या टाकल्या.

"उठा रंऽऽ!" दुसरी. गुलाम दोन पावलं पुढं आले. आकारामनं बेड्यांचे हात वर नेले.

टेपवर तिसऱ्या हाकेआधी जोतीरामनं घेतलेला श्वास भरला गेला होता. स्टुडिओवाल्यानं काढायचा म्हटला तर दिग्दर्शकानं ठेवायला लावला होता. तो श्वास आज आकारामला ऐकू आला. लांब, भरलेला, खाणीच्या तळातून वर येणारा.

तिसरी हाक गल्लीभर घुमली तेव्हा आकारामचं तोंड मिटलेलं होतं.

कुणाच्या ध्यानात आलं नाही. कुदळी उठल्या, वज्रदंताचा मुकुट उडाला, धूर सुटला. मखमली खुर्चीतले दादा उभं राहून टाळ्या वाजवत होते. जुलमी राजा पडला की खाणमालकालाही आनंद होतो. आपण त्यात आहोत असं कुणाला वाटतं?

आकाराम कनातीत आला तर जोतीराम तिथं आधीच पोचला होता. पिशवी पुढं केली होती. आत मोसंबी होती.

"इलाहीभाई, एवढं उमरला द्या."

"घिऊन जा ते," भाई बेड्यांचे दोर गुंडाळत म्हणाले. "तुझं काय नको आमाला."

जोतीरामनं पिशवी पेटीवर ठेवली आणि वळला.

"थांब," भाई म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "का मारली न्हाईस हाक? एवढंच सांग. रागानं इचारत न्हाय. उमर मला इचारतोय, जोतीकाका का वरडला न्हाय? मी काय सांगू त्याला?"

जोतीरामनं आकारामकडं बघितलंही नाही. "मारणार हुतो, भाई. श्वास घेतलता."

एवढंच. पुढचं तो बोलणार नाही हे आकारामला कळलं. आज नाही, उद्या नाही, आणि विसर्जनानंतर ही कनात निघेल, हे सगळे आपापल्या घरी जातील, तेव्हाही नाही. ते बोलायचं काम दुसऱ्या कुणाचं होतं.

"त्यानं श्वास घेतलता," आकाराम म्हणाला. स्वतःचा पातळ आवाज त्यालाच परका वाटला. "निशाण मी आधी खाली केलं. दोन हाकांवरच."

भाईंचे हात थांबले. "म्हंजे?"

"तालमीला उशीर हुईत हुता."

बाहेर कुणीतरी माइकवर हरवलेल्या चपलेची सूचना देत होतं. भाई आकारामच्या काळ्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांचे ओठ हलले. "मीच फोन केलता तुला," ते हळू म्हणाले.

"तुमचं काय न्हाय त्यात, भाई."

"मीच केलता," भाई पुन्हा म्हणाले. आकारामला वाटलं, हे तेवढं सांगायला नको होतं. आपला बोजा उतरवायला गेलो आणि निम्मा यांच्या डोक्यावर ठेवला.

भाईंनी डोळे पुसले, मग मानेनं कनातीबाहेर खूण केली. "दादा अजून खुर्चीतच हाईत."

आकाराम तसाच बाहेर गेला. पोतं गुंडाळलेला, काळाकुट्ट. पहिल्या रांगेतली पोरं फोन काढून त्याचे फोटो घेऊ लागली. दादांनी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, मग काजळी बघून मागं घेतला.

"वा, मुकादम! काय आवाज लावलाय!"

"आवाज माझा न्हाय, साहेब. जोतीरामचा हाय." आणि मग त्यानं बाकीचं सांगितलं. वाकून, चारचौघांत, आधीच्यासारखंच अक्षर न अक्षर खरं.

दादांचं हसू गेलं नाही, नुसतं थिजलं. आजूबाजूला अध्यक्ष होते, नारळ होता, फोटोवाला होता. "ऑफिसात बोलायचं इथं बोललास," ते ओठ न हलवता म्हणाले. "त्याला सांग, उद्यापासून ये म्हणावं. तू येऊ नकोस." त्यांनी हार काढून अध्यक्षांच्या हातात दिला आणि गाडीकडं गेले.

आकारामला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उमरचा पाय होता तिथंच होता.

कनातीत जोतीराम नव्हता. मोसंब्यांची पिशवी भाईंच्या डब्याशेजारी ठेवलेली दिसली. "जोतीराम गेला?" त्यानं विचारलं. भाई दोर सोडवत होते. दुसऱ्या खेळाची घंटा झाली. गुलाम पोती सावरत उठले. आकाराम भाईंसमोर जाऊन उभा राहिला आणि सवयीनं दोन्ही मनगटं पुढं केली.

भाईंनी दोर घेतला. रोज घेत आले तसाच, न चुकता वेढा घातला, गाठ मारली, टोक आत खोचलं. काम चोख केलं. चिंधी पेटीच्या झाकणावर तशीच पडून होती.

दोर टोचत होता. आकाराम क्षणभर थांबला. भाईंनी विचारलं नाही. ते पुढच्या गुलामाचं पोतं बांधायला वळले होते, आणि बाहेर जोतीरामचा आवाज सुरू झाला होता.